डावी बाही

टेपवाल्या काकूंना मोटरसायकलचं वेड वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. लोकांनी नंतर काय काय उठवलं! कुणी म्हणालं, बावन्नाव्या वर्षी बाईला पंख फुटले. कुणी म्हणालं, लेक लग्न करून लांब गेली, आता हिला घर खायला उठतंय. सगळं खोटं. काकूंच्या दारात मोटरसायकल आली ती एका शर्टाच्या डाव्या बाहीमुळे. एका म्हणजे तीन शर्टांच्या.

काकू शिवणकाम करायच्या. तीस वर्षं एकच खिडकी, एकच मशीन आणि गळ्यात माप घ्यायची टेप. बाजारात जाताना टेप, जेवताना टेप. लेक म्हणायची, आईच्या पोटात काय आहे ते डॉक्टर सांगेल, पण टेप कुठे आहे ते कुणीही सांगेल. घर गावाबाहेर, दगडाच्या खाणीपलीकडच्या शेवटच्या रांगेत. गाव तिथून पाच किलोमीटर. खाणीच्या ट्रकांनी रस्त्याला अशा चाऱ्या पाडल्या होत्या की चालणाऱ्यानेही जपून पाय टाकावा. बस दिवसातून दोन, त्याही आल्या तर आल्या.

काका वायरमन. गावातल्या निम्म्या घरांच्या वायरी त्यांच्या हातच्या. सव्वीस वर्षं एकच उंच, जड, किक मारून चालू होणारी मोटरसायकल. तिच्यावरून ते कामाला जात आणि मंगळवारी-शुक्रवारी काकूंना मागे बसवून, मांडीवर शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा देऊन, गावातल्या दुकानात सोडत. काका जोरात निघाले की काकू त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटत. म्हणजे हळू. एवढंच त्यांचं गाडीतलं ज्ञान.

तर बाही. एके दिवशी काकांच्या निळ्या शर्टाची डावी बाही कोपरावर फाटलेली दिसली. काकूंनी रफू केलं. पंधरा दिवसांनी पांढऱ्या शर्टाची, तीही डावी, खांद्याखाली उसवलेली. मग चौकड्याचा शर्ट आला. त्याच्या डाव्या बाहीला हिरवा रंग खरवडून लागला होता. काकूंनी तिन्ही शर्ट टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

"अहो, तुम्ही भिंतीला घासून चालता का?"

"लागलं असेल कुठे तरी."

"तीनदा? आणि तिन्ही वेळा डावीकडेच?"

"बरं, पुढच्या वेळी उजवीकडे लावून घेतो. बाह्या सारख्या होतील," काका म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

काकू हसल्या नाहीत. पिवळ्या दोऱ्याचं रीळ उचलून त्या काकांच्या डाव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या. "समोर कॅलेंडरकडे बघा. माझ्या हातात काय आहे?"

"कुणाच्या? तू आहेस कुठे?"

काकू रीळ पुढे आणत गेल्या. खांद्याजवळ, गालाजवळ. अगदी नाकाच्या रेषेत आलं तेव्हा काका म्हणाले, "हां, रीळ आहे. पिवळं."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडेचं हळूहळू पुसलं जातंय आणि डावीकडचं जास्त. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. "थेंब न चुकता घाला," त्या म्हणाल्या. "आहे ते टिकेल. गेलेलं परत येणार नाही. आणि गाडी आजपासून बंद."

थेंब काकांनी मुकाट्याने घातले. गाडीचं नाव काढलं की मात्र भडकायचे.

"पेपर वाचतोय की नाही मी? बारीकातली बारीक तार जोडतोय की नाही? गाडी बंद म्हणजे काम बंद. मग काय करू, घरात बसून तुझी बटणं मोजू? आणि तुझे गठ्ठे कोण नेणार? तुला कामाला कोण सोडणार?"

"मी शिकते," काकू म्हणाल्या.

काका इतके हसले की कपातला चहा बशीत आला. "सायकल तरी येते का तुला?"

"लग्नाआधी येत होती."

"लग्नाआधी तर मला केसही होते!" काकांनी डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर झाले. "ठीक आहे. ज्या दिवशी तू मला मागे बसवून पाण्याच्या टाकीचा चढ चढशील, त्या दिवशी माझी किल्ली तुला दिली. तोवर गाडी मीच चालवणार."

घ्या! म्हणजे जितके दिवस काकूंना शिकायला लागणार, तितके दिवस हा माणूस अर्ध्या नजरेने रस्त्यावर. त्या दिवसापासून काकूंचा जीव टांगणीला लागला. सकाळी काका निघाले की खाणीपलीकडे आवाज विरेपर्यंत त्या कान लावून बसायच्या आणि संध्याकाळी तो आवाज परत येईपर्यंत त्यांचं कशात लक्ष नसायचं. एका आठवड्यात दोन शर्टांना उलट्या कॉलरी लागल्या. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

शिकवायला मिळाली पोस्टबाई. पत्रं वाटणारी, तिशीच्या आतली, खाकी पॅन्ट, तोंडाने फटकळ. रोज साठ किलोमीटर मोटरसायकल चालवायची आणि आठ वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. फार पूर्वी ती काकूंकडे महिनाभर शिवण शिकायला आली होती. सरळ टीप काही जमली नाही. काकूंनी तिला हताश होऊन घरी पाठवलं होतं. काकूंचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "शिकवते. पण माझ्या तीन अटी. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. घोट्याच्या वर येणारे बूट पहिल्या दिवसापासून. आणि पक्कं लायसन्स मिळेपर्यंत मागे कुणी बसणार नाही, काका तर नाहीच नाही."

"अगं बये, शिकवतेस की शिक्षा देतेस?"

"दोन्ही, काकू. तुमच्याकडूनच शिकले."

काकांच्या गाडीवर शिकणं शक्य नव्हतं. काकूंनी तिच्या सीटची उंची टेप लावून मोजली होती, साडेएकतीस इंच. काकूंच्या पायाचं आतलं माप अठ्ठावीस. साडेतीन इंच पाय आणायचा कुठून? म्हणून दोघी शोरूममध्ये गेल्या. तिथला माणूस हात चोळत पुढे आला. "या मॅडम! लेडीजसाठी स्कूटर आहे ना, एकदम हलकी."

"तुमची स्कूटर घेऊन खाणीच्या रस्त्यावर या एकदा," काकू म्हणाल्या. "शेजारणीची चारीत अडकली होती, तिघांनी उचलून काढली. मला मोठ्या चाकाची हवी. मोटरसायकल दाखवा."

त्याने एक लालभडक, नाक वर केलेली गाडी दाखवली. काकूंनी विचारलं, "सीट किती उंच?"

"एकदम आरामदायक आहे मॅडम."

"आरामदायक म्हणजे किती इंच?"

तो गडबडला. काकूंनी गळ्यातली टेप काढली, एक टोक जमिनीवर बुटाच्या टाचेखाली दाबलं (शोरूमवाल्याच्याच बुटाच्या; "जरा हलू नका हं") आणि वर मोजलं. बत्तीस. पुढची. तीस, पण सीट इतकी रुंद की मांड्या फाकतात आणि पायाची उंची इंचभर कमी होते; कुठल्याही शिंप्याला विचारा, आसनाचं, म्हणजे दोन पायांमधलं माप चुकलं की पॅन्टची लांबी बिघडते. पुढची. असं करत करत सात गाड्या मोजून झाल्या. शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं खरेदी सोडून बघत उभी राहिली. आठवी भरली एकोणतीस, अरुंद सीटची, छोट्या इंजिनची. बसल्यावर सीट दबली आणि काकूंचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. पोस्टबाईने त्यांना गाडी थोडी कलवून परत सरळ करायला लावली, मग बसल्या जागेवरून पायांनी मागे ढकलायला लावली. जमलं. ब्रेक आणि क्लचपर्यंत बोटं पोचली. "हीच," काकू म्हणाल्या.

"रंग कुठला देऊ? लाल, निळा..."

"मळखाऊ."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण राखाडी गाडी घरी आली. हेल्मेटही काकूंनी कपाळाचं माप घेऊनच निवडलं. गालांना घट्ट बसणारं, डोकं हलवलं तरी न हलणारं. बूट मात्र घेतले नाहीत. "जाड तळव्यातून ब्रेक कळायचा नाही गं. मी मशीनवरही अनवाणीच बसते. पायाला कळावं लागतं." पोस्टबाईने चार वेळा सांगितलं, काकूंनी पाच वेळा टाळलं. पातळ सपाट चपला घालून त्यांचं शिक्षण सुरू झालं.

जागा होती बंद पडलेल्या गोदामाचं आवार. पहिल्या दिवशी इंजिन चालूच केलं नाही. नुसती ढकलली, थांबवली, स्टँडवर लावली. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने क्लच हळूहळू सोडायला शिकल्या. गाडी चालायला लागली, पण दारू प्यायल्यासारखी वळवळत.

"काकू, पुढच्या चाकाकडे काय बघताय?" पोस्टबाई ओरडली. "चाक कुठे पळून जात नाही! मला काय सांगायच्यात तुम्ही? सुईकडे बघू नकोस, रेघेकडे बघ, पुढे बघ, म्हणजे टीप सरळ जाते. सांगायच्यात की नाही?"

"माझंच शिकवलेलं मलाच ऐकवतेस?"

"मग! तेव्हा मला कळलं नव्हतं. आता तुम्हाला तरी कळू दे."

काकूंनी मान वर केली, गोदामाच्या लांबच्या फाटकाकडे नजर लावली आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. फाटकापर्यंत काकू हेल्मेटच्या आत एकट्याच हसत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात दोघी आवाराबाहेरच्या निर्जन रस्त्यावर आल्या, आणि तिथे शेळी आली. कुंपणातून एकदम समोर. काकूंना ती व्यवस्थित दिसली, वेळही होता. थांबायचं हे अंगातल्या हाडाहाडाला कळलं. आणि उजवा पाय ब्रेकवरून उचलला गेला! उजव्या हातातली ॲक्सिलरेटरची मूठ पिळलेली तशीच. शेळी शहाणी, ती पळाली. काकू गाडीसकट रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसल्या आणि उजव्या कुशीवर आडव्या झाल्या.

पोस्टबाई धावत आली. "लागलं का? ब्रेक का नाही दाबलात काकू?"

"अगं, मी थांबवतच होते!"

गुडघा सोलवटला होता, बाही फाटली होती. पण काकू वाळूत बसून आपल्या उजव्या पायाकडेच बघत होत्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. त्यांच्या मशीनला मोटर. पेडल दाबलं की चालतं, पाय उचलला की थांबतं. सुई बोटाजवळ आली, उचल पाय. दोरा गुंतला, उचल पाय. तीस वर्षांत या पायाने त्यांची दहाही बोटं सांभाळली होती. तोच पाय आज त्यांच्या जिवावर उठला होता.

"याला कळतच नाहीये तो कुठे आहे," काकू हळूच म्हणाल्या. "मशीनवर तसाच, इथेही तसाच. चपलेत याला सगळं सारखंच लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे बूट घ्यायला चल. आत्ताच्या आत्ता."

घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे, घट्ट नाडीचे बूट आले. मशीनवर अनवाणी, गाडीवर बूट. नाडी आवळली की पायाला निरोप मिळायचा, आता थांबायचं म्हणजे दाबायचं. तरी निरोप मुरायला वेळ लागला. काकू दारातच, बंद गाडीवर बसून सराव करायच्या. पोस्टबाई पत्रं टाकून परत जाताना मध्येच ओरडायची, "शेळी!" की मूठ सोड, क्लच दाब, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक. दिवसातून पन्नास वेळा. शेवटी काका खिडकीतून डोकावले. "कसली शेळी? केव्हाची ओरडतेय ती, मला तर एकही दिसत नाहीये."

काकूंनी ब्रेक सोडून वर पाहिलं. "नाहीच आहे हो इथे," त्या म्हणाल्या.

पडल्याचं त्यांनी लपवलं नव्हतं. काकांनी स्वतः जखम धुतली, फाटकी उजवी बाही पाहिली आणि म्हणाले, "झालं, दोघांच्या मिळून बाह्या सारख्या झाल्या."

मग एक दुपार अशी आली की काका गाडी ढकलत घरी आले. घामाघूम, चेहरा पांढराफटक. "पंक्चर," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काकूंनी दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून पाहिली. टणक होती. विचारावं असं फार वाटलं त्यांना, पण विचारलं तर चिडतील, आणि चिडले तर उद्या मुद्दाम जोरात नेतील. त्यांनी त्या आठवड्यात सरावाचा वेळ तेवढा दुप्पट केला. काका दुसऱ्या दिवशी परत गाडी घेऊन गेले.

परीक्षेला काकूंनी आठचा आकडा काढून दाखवला, पाय न टेकता. पक्कं लायसन्स आलं. आधी मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे बांधून त्या हिंडल्या, मग पोस्टबाईला घेऊन. मागे वजन असलं की थांबायला जास्त जागा लागते, चढावर पुढचं चाक हलकं होतं, हे सगळं अंगात मुरलं तेव्हा पोस्टबाई म्हणाली, "जा काकू. आता घेऊन जा त्यांना."

रविवारी सकाळी काकूंनी बुटाच्या नाड्या आवळल्या. काकांच्या डोक्यावर हेल्मेट घालून हनुवटीखालचा पट्टा स्वतः लावला. काका सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मागे बसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी काकूंची कंबर धरली आणि बजावलं, "चढावर पहिला गिअर. आधीच सांगतोय."

खाणीचा रस्ता नीट पार पडला. टाकीचा चढ सुरू झाला. अर्ध्यात डावीकडे एक बोळ होता. तिथून हातगाडीचं टोक दिसलं आणि त्याच्या पुढे हात-दीड हात आलेले लोखंडी पाइप.

शेळी, काकू मनात म्हणाल्या. मूठ सुटली, क्लच दाबला गेला, पुढचा ब्रेक, आणि बूट खाली. गाडी जागच्या जागी उभी राहिली. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर घट्ट. चढ असून गाडी बोटभरही मागे सरकली नाही.

"बंद पाडलीस ना?" मागून काका म्हणाले. "सांगत होतो. थांबलीस कशाला? रस्ता तर मोकळा आहे."

दोन माणसं हातगाडी ढकलत बोळातून निघाली. पाइपांची टोकं पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावरून सरकत गेली. त्यांचा खणखणाट ऐकून काकांनी मान वळवली. पूर्ण वळवली. ढकलणारा माणूस म्हणाला, "बरं थांबलात बाई, आम्हाला काही आवरली नसती," आणि हातगाडी पलीकडे गेली.

काकांच्या हातांची पकड घट्ट झाली. काकूंनी क्लच सोडत आणला, मूठ जराशी पिळली, ब्रेक सोडला. राखाडी गाडी कुरकुरत, पहिल्या गिअरमध्ये, टाकीपर्यंत चढली.

वर कट्ट्यावर दोघं बसले. हेल्मेट काढल्यावर काकांचे उरलेसुरले केस घामाने चिकटले होते.

"त्या दिवशी पंक्चर नव्हतं झालं," ते म्हणाले.

"माहीत आहे. चाक दाबून पाहिलं होतं मी."

"एक मुलगी होती. शाळेतली. डावीकडून आली. मला दिसलीच नाही गं, नुसती किंकाळी ऐकू आली. थोडक्यात वाचली. गणवेशाला निळी पट्टी होती. तूच शिवलेला असणार."

काकूंना असा संताप आला की विचारू नका. "आणि तरी दुसऱ्या दिवशी गाडी काढलीत? अहो, तुम्ही माणूस आहात की कोण? त्या पोरीला काही झालं असतं तर? तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

"रोज किल्ली फिरवताना ती पोरगी आठवायची. पण सोडली म्हटलं की मी संपलोच, असं वाटायचं. तू शिकतेयस हे बघत होतो, आणि रोज मनात म्हणायचो, लवकर शीक बाई, लवकर शीक. तोंडाने नाही बोलता आलं." त्यांनी खिशातून जुन्या गाडीची किल्ली काढून काकूंच्या तळहातावर ठेवली. मग दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि मोठ्ठा श्वास सोडला. "सुटलो गं. आज खरंच सुटलो."

काकूंना रडू आलं, आणि रडता रडता हसूही. त्यांनी किल्ली मुठीत दाबली. तीन महिन्यांनी त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

उतरताना काकांनी त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"वीसच्या वर नाहीये हो मी!"

"माहीत आहे," काका म्हणाले. "सहज थोपटलं."

घरी येऊन काकूंनी जुनी किल्ली बटणांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. काका मशीनशेजारच्या पलंगावर पडले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. भरदुपारी, तोंड उघडं टाकून. इतके दिवस त्यांना धड झोप लागत नव्हती, हे काकूंना ते घोरणं ऐकल्यावर कळलं. सोमवारी द्यायचे सहा गणवेश बाकी होते. काकूंनी बूट काढले, मशीनसमोर बसल्या, निळी पट्टी सुईखाली धरली आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला. मग पलंगाकडे एकदा पाहिलं आणि पाय उचलून घेतला.